चारमिनारच्या अंगावरचा चुना

संपादकांची फर्माईश साधी होती: हैदराबादला जाणाऱ्या मराठी माणसाने काय काय पाहावं, ते लिहा. पण प्रस्तुत लेखकाचे केस जुन्या इमारतींच्या डागडुजीत पांढरे झालेले. त्याच्याकडे स्थळांची यादी मागितली तरी तीत चुना सांडणारच.

मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. एक दिवस रामोजी फिल्म सिटी, मग सालारजंगमधली तलम ओढणीतली संगमरवरी रेबेका, गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाखाली टाळी, संध्याकाळी चारमिनारपुढे सेल्फी आणि बिर्याणी. शिवाजी महाराज 1677 मध्ये अबुल हसन कुतुबशहाला भेटले तो महाल कुठे, हेही हमखास विचारलं जातं. तो महाल राहिला नाही. चारमिनार मात्र तेव्हाही होता, 86 वर्षांचा.

1591 चा हा चारमिनार लोकांना निव्वळ दगडी वाटतो. आत ग्रॅनाइट आहे खरा. पण डोळ्यांत भरतात त्या मिनारांवरच्या पाकळ्या आणि कमानींवरची वेलबुट्टी, ते सगळं चुन्यात घडवलेलं. बीबी का मकबरा नीट पाहिलेल्यांना हे काम ओळखीचं वाटेल. 2019 च्या मे महिन्यात एका मिनारावरच्या नक्षीचा मोठा तुकडा निखळून पडला आणि चारमिनार ढासळत असल्याची आवई उठली. मिनार जागच्या जागी होता. पण तेव्हा सुशिक्षितांनी दिलेला सल्ला अजून डोकं खातो: ‘सिमेंट मारून टाका की एकदाचं!’

तर सिमेंटबद्दल. पण आधी चुना. कळीचा चुना पाण्यात विरतो, हौदात मुरतो, वाळू आणि सुर्खीबरोबर घाणीत मळला जातो. गूळ, हिरडा असलं काहीबाही त्यात पडतं. भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्याची सावकाश पुन्हा चुनखडी होते. रसायनशास्त्र इथे आवरतं घ्यावं हे बरं, पण एवढं सांगायलाच हवं: चुन्याच्या बारीक छिद्रांतून भिंतीतली ओल बाहेर जाते. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग ओलीतले क्षार आतल्या आत स्फटिक धरतात आणि गिलावा सुटतो. जाणता गवंडी बोटाच्या पेराने ठोकून पाहतो. भरीव गिलावा ‘टक्’ वाजतो, सुटलेला ‘बद्द’.

हे पटत नसेल त्याने कुतुबशाही मकबऱ्यांकडे जावं. तिथे 2013 मध्ये आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने काम हाती घेतलं आणि घुमटांवर विसाव्या शतकात थापलेलं सिमेंट काढून चुना चढवला. तिथली बडी बावडीही सावरली. गोवळकोंड्याच्या बावड्यांच्या जतनाला 2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

इतरत्र अजून सिमेंटचीच चलती आहे. ते लवकर घट्ट होतं, बिल लवकर निघतं. चुना मुरेपर्यंत थांबणारा ठेकेदार शोधावा लागतो, आणि तो सापडला तरी हातात कसब असलेला गवंडी मिळेल याची खात्री नाही. चुन्याचं हे काम आणखी किती वर्षं चालेल, याचं उत्तर लेखकापाशी नाही.

तेव्हा पर्यटकांना विनंती इतकीच. फिल्म सिटीतले दोन तास वाचवा आणि संतोषनगरजवळच्या पैगा मकबऱ्यांना द्या. तिथे गर्दी नसते आणि चुन्यातली नक्षी अगदी डोळ्यांसमोर येते. जाळ्यांना हात मात्र लावू नका.