चकाकीखालचा अडसर

१/ जुन्या रिव्हॉल्वरचा संग्राहक आधी पोलादाची चकाकी पाहतो, मग अनुक्रमांक. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ‘स्मिथ अँड वेसन’ कारखान्याची .३८ रिव्हॉल्वरे मात्र हा क्रम उलटा करायला लावतात.

२/ दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती आरशासारखी घासली जात. गडद निळी झळाळी, अक्रोडाच्या मुठीवर बारीक चौकटींची नक्षी. घाई नसलेल्या काळातील ही कारागिरी होती.

३/ युद्धाने हा निवांतपणा संपवला. १९४२ मध्ये अनुक्रमांक दहा लाखांवर गेला आणि पुढील क्रमांकांना ‘व्ही’ हे अक्षर जोडले गेले. ‘व्हिक्टरी’ म्हणजे विजय, त्याचे आद्याक्षर. झळाळीच्या जागी निस्तेज राखाडी लेप आला, मुठी साध्या झाल्या.

४/ १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर असे एक भरलेले रिव्हॉल्वर पोलादी डेकवर पडले. गोळी सुटली आणि एक नौसैनिक प्राणास मुकला. घोड्याला रोखणारा अडसर केवळ स्प्रिंगच्या भरवशावर होता. घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये तो अडकू शकत असे.

५/ कारखान्याने तातडीने रचना बदलली. आता चाप सोडताच यंत्रणाच अडसर जागी ढकलू लागली. अनुक्रमांकात ‘व्ही’सोबत ‘एस’ आला.

६/ संग्राहकांना आजही युद्धपूर्व झळाळी मोहवते. पण त्या देखण्या शस्त्रांतही स्प्रिंगवरचाच अडसर होता. अधिक निर्धोक रचना राखाडी, ओबडधोबड शस्त्रात प्रथम आली, तीही एका माणसाचा जीव गेल्यावर.