फोटो आहे का?

पोरगा समोर उभा होता, आईचा पदर मुठीत धरून. आणि टेबलापलीकडचे बाबू विचारत होते, "हा तुमचाच कशावरून? फोटो आहे का?" इतकी वर्षं झाली, तो प्रश्न आठवला की अजून डोकं सणकतं.

साल १९९७, गोवंडी, मे महिन्याची सुट्टी. शेजारच्या मावशींचा मधला मुलगा देवनारच्या डम्पिंगवर प्लास्टिक वेचायला गेला आणि परत आला नाही. सगळे त्याला बारक्याच म्हणायचे. बाप पिऊन मारायचा, पण ते कुणाच्या घरी नव्हतं? आदल्याच वर्षी अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींना अटक झाली होती. पोरं पळवायची, चोरी करताना ढालीसारखी वापरायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. त्यामुळे बोहारीण आली तरी आया पोरांना घरात ओढत.

चौकीत हवालदार म्हणाले, "सुट्टी आहे. भूक लागली की येईल." मावशी हलेनात, तेव्हा म्हणाले, "बरं, फोटो आणा."

फोटो कुठून आणणार? मावशींकडे लग्नातलासुद्धा नव्हता. मग आम्ही चार पोरं कामाला लागलो. शाळेत वर्गाचा ग्रुप फोटो काढला होता, पण तो विकत घ्यावा लागायचा. आमच्यापैकी एकाकडेच होता, त्याचे वडील बेस्टमध्ये होते म्हणून. त्यात बारक्या शेवटच्या रांगेत, पुढच्या पोराच्या डोक्याआड अर्धा. तो घेऊन चौकीत गेलो. हवालदारांनी उजेडात धरून पाहिला. "यात तोंड कुठाय? पासपोर्ट साइज आणा." हरवलेल्या पोराचा पासपोर्ट साइज!

मग स्टुडिओवाले काका गाठले. "काका, निगेटिव्ह आहे का हो?" आधी हाकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा पाकिटं उपसून निगेटिव्ह शोधली आणि तेवढाच भाग मोठा करून दिला. पैसे घेतले नाहीत. फोटोत काय होतं? राखाडी ठिपके, एक कान, थोडं हसू. मावशींनी मात्र लांबूनच ओळखला. चौकीत तो एका रजिस्टरात ठेवला गेला. तिथून तो कुणाला दाखवल्याचं आमच्या कानावर कधीच आलं नाही.

तपास पुढे सरकला तो भंगारवाल्याच्या काट्यापाशी. तिथं येणाऱ्या एका मोठ्या पोरानं बारक्याला कुर्ला स्टेशनवर पकडताना पाहिलं होतं. "बच्चा जेलमध्ये टाकला असेल," तो सहज म्हणाला. बच्चा जेल म्हणजे बालगृह. तोही तिथं राहून आला होता. गणपतीच्या तोंडावर बालवाडीच्या बाईंना घेऊन मावशी एकेक बालगृह पालथं घालू लागल्या, आणि एके ठिकाणी बारक्या सापडला. आमच्याच हार्बर लाईनवर! चौकीच्या वहीत त्याचं शाळेतलं नाव होतं, तिथल्या वहीत नुसतं 'बारक्या'. बापाच्या भीतीनं त्यानं पत्ता सांगितला नव्हता. दोन्ही वह्या सरकारी, पण एकीनं दुसरीचं तोंड पाहिलेलं नाही.

आणि मग तो प्रश्न. रेशनकार्डावर बारक्याचं नाव चढवलेलंच नव्हतं. मावशींनी ब्लाउजमधून पाकीट काढलं, त्यात त्या ठिपक्यांची दुसरी प्रत होती. मी शेजारीच उभा होतो. बाबूंनी तो फोटो पाहिलासुद्धा नाही. टाचणी लावून फाइलला जोडला आणि म्हणाले, "हां, आता झालं." पुढे बालकल्याण मंडळासमोर तारखा पडल्या, मग पोरगा घरी आला.

मोठेपणी वाटतं, बाबूंचं काय चुकलं? कुणीही बाई येऊन "माझा मुलगा" म्हणाली तर द्यायचा? गावित प्रकरण ताजं होतं. कळतं सगळं, पण वळत नाही. खात्रीच करायची होती तर फोटोकडे एकदा बघायचं तरी!

आता नियम बदललेत. १० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. म्हणून सांगतो, "वाट बघा" म्हणणाऱ्यापुढून हलू नका. एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा. हा नंबर १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला होता. आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

फोटोंची तर आता ददात नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवा तेवढ्या घरोघरी पोचल्या होत्या. त्यामुळे १९९७ साली बारक्याचा फोटो असता तर सगळं सुरळीत झालं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही.

बारक्या आता रिक्षा चालवतो. मी एवढा तावातावानं बोलतो तर तो म्हणतो, "तिथं दोन वेळ जेवण होतं रे, आणि मार नव्हता." मावशींसमोर तो हे बोलत नाही. मला मात्र त्याचाही राग येतो. का, ते सांगता येत नाही.