आठवा आठवडा आणि दीड तासाचं विमान

"पहिले तीन महिने विमानात बसायचं नसतं गं." चार दिवसांत हे वाक्य मी सात जणांकडून ऐकलं. का बसायचं नसतं, हे मात्र एकालाही धड सांगता आलं नाही. 'हवेचा दाब असतो ना', 'मशीनमधून जावं लागतं', 'आमच्या ओळखीत एकीला...' आणि पुढे अर्थपूर्ण शांतता!

झालं असं की नागपूरला बाबांचं बायपासचं ऑपरेशन ठरलं आणि इकडे पुण्यात मला आठवा आठवडा. आई फोनवर म्हणाली, "तू नको येऊ बेटा, आम्ही बघतो." सासूबाईंचं म्हणणं, जायचंच असेल तर गाडीने सावकाश जा. म्हणजे सातशे किलोमीटर, बारा-तेरा तास, वाटेतले खड्डे आणि ढाब्यावरचं जेवण. हे सगळं चालेल, दीड तासाचं विमान नको!

मग इंजिनियरच्या जातीला शोभेल असं केलं. एकेक भीती वेगळी काढली आणि तपासली.

दाब. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असलं, तरी केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा एवढा राखलेला असतो. शिमला सात हजारांच्या वरच आहे, आणि तिथे बायकांना मुलं होतातच की :)

मशीन. आपण ज्या चौकटीतून जातो ती धातू शोधते, तिथे क्ष-किरण नसतात. ते बॅगेसाठी.

किरणोत्सर्ग. उंचावर तो थोडा जास्त असतो, हे खरं. पण पोटातल्या बाळासाठी मर्यादा धरतात ती संपूर्ण गरोदरपणात एक मिलिसिव्हर्ट. लंडन ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन साधारण त्याचा दहावा हिस्सा होतो. पुणे-नागपूर तर शंभराव्या हिश्शाहूनही कमी. सतत उडणाऱ्या हवाई सुंदरींनी याचा हिशेब ठेवावा लागतो, मी नाही.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना 'एसीओजी' स्पष्ट म्हणते की गुंतागुंत नसेल तर अधूनमधून विमानप्रवास करायला हरकत नाही. विमान कंपन्यांचे निर्बंधही शेवटच्या महिन्यांसाठी असतात, सुरुवातीसाठी नाहीत.

मग धोका कुठेच नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. रक्तस्राव होत असेल, पोटात दुखत असेल, गर्भ गर्भाशयातच आहे ना हे सोनोग्राफीत अजून दिसलेलं नसेल, तर थांबावं. नळीत रुजलेला गर्भ फुटला तर तासाभरात जिवावर बेततं, आणि आकाशात ऑपरेशन थिएटर नसतं. रक्त खूप कमी असेल किंवा सिकलसेलचा आजार असेल (आमच्या विदर्भात तो बराच आढळतो), तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. चार तासांहून मोठ्या प्रवासात पायात गुठळी होण्याची भीती असते, आणि गरोदरपणात ती अधिक. म्हणून पाणी प्यायचं, उठून चालायचं, पट्टा पोटाच्या खाली बांधायचा.

माझी सोनोग्राफी सातव्या आठवड्यात झाली होती. ठोके दिसले होते. डॉक्टरबाईंनी तिकिटाच्या तारखा ऐकल्या आणि म्हणाल्या, "जा. उलटीची पिशवी जवळ ठेव." बस्स, एवढंच!

तरीही तिकीट काढताना बोट दहा मिनिटं माऊसवर तसंच होतं. आकडे पाठ होते. भीती विमानाची नव्हतीच. भीती होती ती नंतरच्या एका वाक्याची: 'सांगितलं होतं, जाऊ नको म्हणून.'

आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की पहिला प्रश्न येतो, "शेवटचा चेंज कोणाचा?" बिचारा तो पोरगा! बग वर्षभर आत बसलेला असतो, पण शेवटचा हात त्याचा लागलेला असतो ना. गर्भपाताचंही अगदी असंच होतं. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. त्यातल्या साधारण निम्म्यांचं कारण गुणसूत्रांतला दोष, म्हणजे मुळातच पडलेली चूक. पण बाई आदल्या आठवड्यात जिने चढलेली असते, पपई खाल्लेली असते, विमानात बसलेली असते. शेवटचा चेंज तिचा. आणि तीन महिने कुणाला सांगायचं नाही या रिवाजामुळे, कितीजणींनी हे गपचूप सोसलंय ते आपल्याला कळतही नाही.

मी गेले. आयसीयूच्या दाराशी आईच्या शेजारी बसले. बाबांनी डोळे उघडल्यावर मला पाहिलं आणि पहिलं काय विचारलं? "तू जेवलीस का?"

आज मला दहावा आठवडा चालू आहे. तीन महिने अजून पूर्ण व्हायचेत आणि तरी हे मुद्दाम आत्ताच लिहितेय. सगळं छान पार पडल्यावर लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, काही झालं नाही, म्हणजे निर्णय बरोबर होता. तसं नाहीये मंडळी. निर्णय बरोबर होता तो त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर. पुढे काहीही झालं तरी तो तेवढाच बरोबर राहील. हे मला स्वतःला आधीच लिहून ठेवायचं होतं, कारण वेळ आली तर तेव्हा ते आठवेलच याची खात्री नाही.

नवऱ्याला वाचायला दिलंय. सासूबाईंनाही देणार आहे.