पायलीतली पोकळी

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून अनवाणी चालणाऱ्या कोणीही ही गंमत पाहिली असेल. चकाकत्या ओल्या वाळूवर पाऊल टेकले, की त्याच्याभोवतीची वाळू एकदम फिकी, कोरडी पडते. पाऊल उचलावे, तो ठशात पाणी! पायाच्या भाराने वाळूतले पाणी पिळून निघते, असा आपला समज. पण मग ते लगेच वर यायला हवे; आधी खाली का दडते?

याचे उत्तर मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ साली दिले. लाटांनी हलवून हलवून वाळूचे कण गच्च बसवलेले असतात. पाऊल पडले की त्यांना सरकावे लागते, आणि सरकायचे तर शेजाऱ्याच्या खांद्यावर चढूनच. त्या धडपडीत मधल्या पोकळ्या वाढतात, वरचे पाणी त्यांत ओढले जाते. कण पुन्हा बसले, की तेच पाणी वर. गच्च बसलेली वाळू सरकवली, तर ती आक्रसत नाही, फुगते! या विचाराने रेनॉल्ड्स इतका भारला, की १९०२ साली केंब्रिजच्या व्याख्यानात त्याने सारे विश्वच अशा सूक्ष्म कणांनी ठासून भरल्याचे मांडले. त्या विश्वाला पुढे फारसे कोणी विचारले नाही. वाळूचे मात्र आजही खरे आहे.

मला हे वाचताना समुद्रापेक्षा पायलीच अधिक आठवते. आमच्या गावी सुगीनंतर मजुरी धान्यात मिळे, तीही मापाने. आता, एकसारख्या गोल गोळ्या कितीही हलवून बसवल्या तरी भांड्याचे शंभरातले सुमारे ६४ भागच भरतात. नुसत्या ओतल्या तर त्याहून कमी. ज्वारीचेही थोडेफार असेच. तेव्हा पायलीत किती दाणे पडायचे, हे भरणाऱ्याच्या हाती.

एका घरचे कारभारी माप भरत आले, की ‘सारखे करतो’ म्हणून त्यात चार बोटे फिरवीत. बसलेले दाणे एकमेकांवर चढत, माप वरपर्यंत येई, आणि ते खणखणीत आवाजात म्हणत, ‘लाभ!’ (पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ही रीत.) माझी आजी तीच पायली दोनदा जमिनीवर आपटीत असे. दाणे खाली बसत, वर बोटभर जागा होई. ती भरल्यावाचून तिच्या तोंडून ‘लाभ’ निघत नसे. समोर मजूर बाया पदर पसरून उभ्या असत. त्यांचे लक्ष आकड्याकडे नसे. त्या बोटभर जागेकडे असे.