ढगांतील अडगळ

आमच्या जुन्या धाब्याच्या घरांत जिन्याखालीं एक अडगळीची खोली होती. मोडकी खुर्ची, कान तुटलेली कढई, वर्षावर्षांचीं पंचांगें, म्हणजे जें लागत नाहीं पण टाकवतही नाहीं, तें सर्व तेथें जाई. दरसाल दिवाळीपूर्वीं ती खोली झाडावयाची हा घरचा नियम होता. कारण ती भरली कीं तिचें दार लागत नसे. हल्लींच्या अडगळीस दारच दिसत नाहीं, म्हणून ती झाडण्याची आठवणही कोणास होत नाहीं.

गेल्या वैशाखांत आम्हांस ती आठवण झाली. जळगांवच्या उन्हांत दुपारीं पंख्याखालीं पडलों असतां चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्हांला ईमेलनें पाठविलेले कागद परत आले. तुमची जागा भरली आहे." आम्हीं चष्मा लावून पाहिलें, तों साठवण संपल्याची सूचना कित्येक दिवस तेथें ताटकळत उभी होती.

ही जागा म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. 'क्लाउड' हें नांव ऐकून कालिदासाचा मेघ आठवतो. परंतु यक्षाचा मेघ निरोप घेऊन पुढें जावयाचा होता, हा मेघ घेतलेलें सर्व धरून बसतो. वास्तविक तो ढग नव्हेच. मोठमोठ्या इमारतींतून हजारों संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांस वीज लागते, त्यांस थंड ठेवावें लागतें. आणि त्यांतील एक कोपरा आपणांस वापरावयास मिळतो. गुगलच्या साध्या खात्यास असा १५ जीबींचा कोपरा विनामूल्य असतो, व त्यांत ईमेल, कागदपत्रें आणि छायाचित्रें यांनीं मिळून राहावयाचें असतें. पूर्वीं जरा लहान करून ठेविलेलीं छायाचित्रें या हिशेबांत धरीत नसत. १ जून २०२१ पासून नवीं सर्व धरूं लागले. २०२४ सालापासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपच्या राखीव प्रतीचाही भार याच कोपऱ्यावर पडूं लागला. एक चित्र तीन-चार एमबींचें धरिलें, तर सुमारें चार-पांच हजार चित्रांत कोपरा भरतो. आणि भरला कीं ईमेलही आंत येत नाहीं.

चिरंजीव म्हणाले, "थोडे पैसे भरून जागा वाढवून घेऊं." परंतु अडगळीसाठीं दुसरी खोली भाड्यानें घेणें आमच्या मनास येईना. शिवाय, ज्यानें आयुष्यभर फळा पुसला, त्यास पुसण्याचें भय तें कसलें? सर्वांत मोठें तें आधीं, अशी यादी आम्हीं लाविली, आणि वरून खालीं पुसत सुटलों. केराची टोपलीही रिकामी करा, असें चिरंजीवांनीं बजाविलें होतें. तेवढें आळसानें राहिलें. त्या रात्रीं आम्ही मोठ्या समाधानानें झोंपलों.

आषाढांत आमच्या कुटुंबाचें वर्षश्राद्ध होतें. त्यासाठीं धुळ्याहून आलेली कन्या आदल्या संध्याकाळीं म्हणाली, "बाबा, आईचा तो भरिताचा व्हिडिओ दाखवा ना." तो आम्हींच घेतलेला होता. बामणोदचीं हिरवीं वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजतां भाजतां ती सूनबाईस कृति सांगत होती, आणि मध्येंच आमच्याकडे वळून म्हणाली होती, "अहो, फोन जरा इकडे धरा, नुसता धूरच दिसेल." आम्हीं शोधलें, वर नव्हता, फोनमध्येंही नव्हता. ११ मिनिटांचा तो व्हिडिओ यादींत अगदीं वर असला पाहिजे, हें ध्यानांत आलें, आणि आम्हांस खालीं बसावें लागलें.

वरची प्रत पुसली तरी फोनमधील राहते, अशी आमची समजूत होती. ती खोटी. गुगल फोटोजमधून चित्र पुसलें कीं दोन्हीं ठिकाणचें जातें. केवळ फोनमधील जागा मोकळी करावयाची असेल, तर 'फ्री अप स्पेस' या नांवाचें निराळें कलम आहे. तें वरची प्रत राखून फोनमधील काढतें. दोष यंत्राचा नव्हता. न वाचतां होकार देणाऱ्या आमच्या बोटाचा होता.

सुदैव इतकेंच, कीं वर साठविलेलें चित्र पुसल्यावर ६० दिवस टोपलींत राहतें. ईमेलला ३० दिवसच मिळतात. पंचांग काढून दिवस मोजले. तो ५२ वा दिवस होता. कन्येनें टोपली उघडली, आणि घरांत पुन्हां तो आवाज ऐकूं आला. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

पुढें कन्येस पोंचवावयास धुळ्यास गेलों असतां राजवाडे संशोधन मंडळावरून जाणें झालें. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि लगेच जानेवारी १९२७ मध्यें हें मंडळ स्थापन झालें. गांवोगांवच्या माळ्यांवर कसरीनें खाल्लेलीं दप्तरें त्यांनीं मिळविलीं. परंतु मिळवून ते थांबले नाहींत. वाचलीं, निवडलीं, आणि छापून त्यांच्या अनेक प्रती केल्या, म्हणून तीं उरलीं. आमच्या जळगांवजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. त्यांचीं जीं गाणीं घरच्यांनीं वहींत उतरून घेतलीं, तींच त्यांच्या पश्चात् १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. संगणकांत देवनागरीच्या एका चिन्हास बहुधा तीन बाइट लागतात. हजार चिन्हांच्या शंभर कविता ठेविल्या, तरी एका छायाचित्राच्या दहाव्या हिश्शाइतकीही जागा भरत नाहीं. म्हणजे अनमोल वस्तु यादीच्या अगदीं तळाशीं असूं शकते, आणि आमच्याप्रमाणें अगदीं शिरोभागींही. यंत्र आकार सांगतें; मोल आपणच सांगावयाचें असतें.

तेव्हांपासून आम्हीं क्रम उलटा केला आहे. आधीं ठेवावयाचें तें निवडतों, मग टाकावयाचें शोधतों. निवडलेलें सर्व एका हार्ड डिस्कवर उतरून ती घरीं ठेविली, दुसरी धुळ्यास कन्येकडे दिली, आणि कशांत काय आहे त्याची यादी वहींत शाईनें लिहिली. मग व्हॉट्सॲपच्या साठवणींत जाऊन, अनेकवार पुढें ढकललेल्या व पांच एमबींहून मोठ्या फायली तो वेगळ्या दाखवितो, त्या पाहून काढल्या. सुप्रभाताचे गुलाब एवढे निघाले कीं वर्षभर देवपूजेस पुरावे! जुन्या जाहिरातींचीं ईमेलें गेलीं. जागा अजून विकत घ्यावी लागलेली नाहीं.

वाचकांनीं आमच्यासारखें ५२ दिवस थांबूं नये. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज कोठें ठेविला आहे, तें आज पाहावें. त्याची दुसरी प्रत करावी. आणि मगच झाडू हातीं घ्यावा.