हावड्याच्या पाटीवरच्या जोड्या

हावडा स्थानकात उतरल्याबरोबर माझ्या पाच वर्षांच्या लेकीने इंग्रजी पाटी वाचली. "एच, ओ, डब्ल्यू, आर, ए, एच!" सगळं बिनचूक. मी खूश. ती खुशी दुसऱ्याच दिवशी कॉलेज स्ट्रीटवर मावळली.

कॉलेज स्ट्रीट म्हणजे कोलकात्याचा 'बोईपाडा', पुस्तकांचा मोहल्ला. फुटपाथवर पुस्तकांच्या टपऱ्यांची रांगच रांग. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं १८५५ सालचं 'वर्णपरिचय' इथे आजही विकलं जातं. लेकीला मात्र इंग्रजी गोष्टीचं पुस्तक हवं होतं. घेतलं. तिने ते उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "आई, ही अक्षरं मला येत नाहीत."

"अगं, कालच तर वाचलीस!" मी चिडूनच बोलले. तिने पुस्तक मिटून गुपचूप माझ्या हातात दिलं.

रात्री कळलं, चुकले मी होते. पाट्यांवर बहुतेक मोठी अक्षरं असतात, पुस्तकाच्या पानावर बहुतेक छोटी. मी तिच्याकडून पहिली एबीसीडी घोटून घेतली होती, दुसरी राहूनच गेली. शिवाय आपला 'क' शब्दाच्या सुरुवातीला असो वा शेवटी, दिसतो तसाच. बंगालीतही तेच. एका अक्षराची दोन रूपं हे आपल्या मुलांना कोडंच.

तिसऱ्या दिवशी लोकलने श्रीरामपूरला गेलो. हुगळीकाठच्या या गावात १८०० साली मिशनचा छापखाना सुरू झाला. पंचानन कर्मकार यांनी तिथे बंगाली आणि देवनागरी खिळे घडवले. विल्यम केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये इथेच छापलं गेलं. घाटावर बसून मी लेकीला खिळ्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी इंग्रजी जुळवणाऱ्यापुढे खणांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत छोटी. म्हणूनच इंग्रजीत त्यांना अप्परकेस आणि लोअरकेस म्हणतात.

"म्हणजे अक्षर तेच, पेट्या दोन?" तिने विचारलं.

मग वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या आणि हावड्याचीच अक्षरं घेतली. ओ आणि डब्ल्यू दोन्ही पेट्यांत सारखेच, फक्त लहान-मोठे. त्या जोड्या तिने क्षणात लावल्या. सी, एस, व्ही, एक्स, झेड हेही त्यातलेच. मुलांना सुरुवात इथूनच करून द्यावी. जमतंय असं त्यांना वाटतं. नंतर के, पी, यू घ्यावेत, फरक जरासाच. एच, आर, ए यांचं रूप मात्र बदलतं. ते एकेक करून घ्यावेत, बोटाने गिरवत. छोटा बी आणि छोटा डी तर आरशातले भाऊ. त्यांना एकाच दिवशी आणू नये. रोज चार-पाच जोड्या पुरेत. मुलाच्या स्वतःच्या नावातली अक्षरं असली तर अधिक बरं.

परतीच्या गाडीत तिने आपणहून पुस्तक मागितलं. गोष्ट काही वाचता आली नाही. पण पानावर बोट फिरवत ती मध्येच थांबली. "आई, हा बघ हावड्याचा एच! खालच्या पेटीतला."

या वेळी मी चुका काढल्या नाहीत. दुसरा एच कुठे आहे, तेवढं विचारलं.