पाणी सोडलं की झालं?



परिसर अभ्यासात पाणथळ जागा आल्या की आपण फळ्यावर "पाणथळ जागा वाचवा" लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. यंदा पाचवीला मी त्यात जर्मनीची गोष्ट घातली.

ईशान्य जर्मनीत पेने नावाची नदी आहे. तिच्या काठी पीटची जमीन आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात राहिल्यामुळे पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचा थर. शेतीसाठी आणि कुरणांसाठी लोकांनी चर खणून, पंप लावून ही जमीन कोरडी केली. कोरडा पीट हवेत कुजतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, जमीनही खचते. म्हणून तिथे आता पुन्हा पाणी भरू देतात.

एक मुलगी म्हणाली, "बाई, मग पंप बंद केले की झालं ना?"

नाही झालं! त्या मातीत वर्षानुवर्षं खत पडलंय. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असतं ना, त्यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस. कोरड्या मातीत ते लोहाच्या गंजाला चिकटून बसतं. पाणी भरलं की मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी गंजच वापरतात. गंज विरघळतो आणि स्फुरद मोकळं होतं. ते ओढ्यात आणि तिथून तळ्यात गेलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. चांगलं करायला जावं आणि खालच्या तळ्याचं नुकसान व्हावं, असं हे त्रांगडं.

हे समजावायला मी मुलांना मुठीत खडूचे तुकडे धरायला सांगितले. मूठ म्हणजे गंज, खडू म्हणजे स्फुरद. "पाणी आलं!" म्हटलं की मुठी उघडायच्या. वर्गभर खडू झाले, पण गंजाचं काम पक्कं डोक्यात बसलं.

मग करायचं काय? आधी माती तपासायची. स्फुरदाच्या मानाने लोह भरपूर असेल, तर वरच्या हवेशीर पाण्याशी गाठ पडताच पुन्हा गंज तयार होतो आणि सुटलेलं स्फुरद बरंचसं अडकतं. लोह कमी असेल तर धोका. अशा ठिकाणी खत मुरलेला मातीचा वरचा थर काढून टाकतात. काम लवकर होतं, पण खर्च मोठा आणि एवढी माती टाकायची कुठे? दुसरा उपाय मला जास्त पटतो. ओल्या जमिनीत पाणकणीस वाढू द्यायचं आणि दरवर्षी कापून बाहेर न्यायचं. त्याच्यासोबत स्फुरदही बाहेर जातं. पाणकणसापासून घराच्या भिंतींना लावायचे उष्णतारोधक फलकसुद्धा बनतात. मात्र याला बरीच वर्षं लागतात आणि तोवर ओढ्याच्या पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं.

खडूच्या खेळाला एक तास पुरतो. घरी डीएपीची रिकामी गोणी असेल तर मुलांना ती जरूर आणायला सांगा. तिच्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा.